हेडफोनवरील आभासी सराउंड ध्वनी : संगणकप्रणालींचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
नाशिकच्या रामकुंडावर उभ्या असलेल्या भाविकास पाठीमागे वाजलेली मंदिरातील घंटा मागूनच ऐकू येते. असा दिशाबोध हेडफोनद्वारे निर्माण करण्याच्या तंत्रास आभासी सराउंड ध्वनी म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठीच्या संगणकप्रणालींची तुलना केली आहे.

तत्त्व :
डावी-उजवी दिशा ही ध्वनी दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील (कमाल सुमारे ०.७ मिलिसेकंद) व तीव्रतेतील फरकावरून कळते. ध्वनी नेमका समोर अथवा मागे असल्यास हा फरक जवळजवळ नसतो. तेथे बाह्यकर्णाच्या ठेवणीमुळे ध्वनीत होणारा बदल निर्णायक ठरतो. हाच बदल प्रणाली गणिती प्रक्रियेने घडवून आणते.

तुलना :
२०१७ मध्ये विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीसोबत आलेली विंडोज सोनिक विनामूल्य आहे. डॉल्बी अ‍ॅटमॉस व डीटीएस यांच्या हेडफोन-प्रणालींना चाचणी-कालावधीनंतर शुल्क पडते. या तिन्ही सामान्यतः सरासरी कानाची मोजमापे गृहीत धरतात. विनामूल्य हेसुव्ही मात्र निरनिराळी मोजमापे निवडू देते; तिची मांडणी किचकट आहे.

निष्कर्ष :
प्रत्येकाचा कान भिन्न असल्याने एकास मागून भासणारी घंटा दुसऱ्यास समोरून भासू शकते. म्हणून किंमत हा गुणवत्तेचा निकष ठरत नाही. महाविद्यालयांनी प्रयोगशाळेसाठी खरेदी करण्यापूर्वी एकच बहुवाहिनी ध्वनिमुद्रण समान आवाजपातळीवर प्रत्येक प्रणालीतून ऐकावे. मोठा आवाज सरस वाटण्याचा संभव असतो. द्विवाहिनी मुद्रित व्याख्यानांसाठी साधा हेडफोन पुरेसा आहे.