दहा मिनिटांत घर सोडायचे असेल तर

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावात डोंगरी आणि तितूर या दोन्ही नद्या गावात शिरल्या. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळत होता, कन्नड घाटात दरडी आल्याने रस्ता बंद झाला होता आणि गाव झोपेत होते. तालुक्यात शेकडो जनावरे दगावली. त्याच्या बरोबर दोन वर्षे आधी, ३१ ऑगस्ट २०१९ ला, शिरपूरजवळ वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली, धूर पसरू लागला तसे आसपासच्या लोकांना दूर हलवावे लागले.

तरीही आपण खानदेशी माणसे म्हणतो, "आपल्याकडे कसला पूर? आपल्याकडे टँकर!" पण धुळ्याच्या मधोमध पांझरा वाहते आणि वर अक्कलपाडा धरण आहे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की तापीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. शिवाय जुन्या मोहल्ल्यांत अजून मातीची, धाब्याची घरे आहेत. झडीचा पाऊस चार दिवस लागला की धाबे पाणी पिऊन जड होते आणि भिंत खालून मऊ पडते. छतातून माती गळू लागली, भिंतीला नवी भेग दिसली, दार चौकटीत अडकू लागले, की सकाळची वाट न पाहता त्या खोलीतून सर्वांनी बाहेर झोपायला जावे.

सर्वात आधी दाराचा विचार करू. चोरांच्या भीतीने आपण रात्री लोखंडी जाळीला आतून कुलूप लावतो आणि किल्ली अब्बांच्या उशीखाली! आग लागली आणि वीज गेली तर धुरात ती उशी कोण शोधणार? किल्ली दाराजवळ, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला कायमची टांगावी आणि दहा वर्षांच्या मुलालाही ते कुलूप अंधारात उघडता यावे. मदीन्यात एका रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) झोपण्यापूर्वी आग विझवण्याची ताकीद दिली होती. आज त्याचा अर्थ रेग्युलेटर बंद करणे हाच.

आता कागद. आपल्या घरांत हा विषय नाजूक आहे, कारण एकाच माणसाचे नाव उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि रेशन कार्डावर तिसरे असते. असा एक जुना दाखला हरवला की पुढची कित्येक वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून दाखले, जन्माचे दाखले, घराचा उतारा, सातबारा, पासबुक आणि निकाहनामा हे सगळे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून तोंड घट्ट बांधावे. लोखंडी पेटीच्या तळाशी नको. पेटी पाण्यात बुडते आणि धावताना उचलत नाही. प्रत्येक कागदाचा फोटो काढून परगावच्या मामूला किंवा खालाला पाठवून द्यावा. निकाहनाम्याची नोंद काझीसाहेबांच्या दप्तरातही असते. ते दप्तर नदीकाठच्या खोलीत असेल तर जमातीने ते उंच जागी हलवण्याचा विषय काढावा.

बऱ्याच घरांत दुसऱ्याच्या वस्तू असतात. नणंदेचे दागिने, भिशीचे पैसे, मस्जिदीच्या चंद्याची रक्कम. मक्का सोडण्याची वेळ आली, जिवावर बेतले होते, तेव्हाही प्रेषितांनी (स.) लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते. म्हणून अमानत कोणाची, किती आणि कुठे, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे आणि ती कागदांच्या पिशवीजवळच असावी. मात्र ती शोधायला पाण्यात परत जाऊ नये.

बाकी पिशवीत फार काही लागत नाही. शुगर-बीपीच्या आठवड्याच्या गोळ्या, बॅटरी, लहान नोटा (वीज आणि टॉवर गेल्यावर मोबाईलने पैसे देता येत नाहीत), पाण्याची बाटली, बाळाचे कपडे. इन्सुलिन फ्रिजमध्ये असते, म्हणून ते निघताना कोण घेईल हे आधीच ठरवावे. बायकांसाठी एक बुरखा किंवा मोठी ओढणी त्याच पिशवीवर टांगलेली असावी. कपाटात बुरखा शोधण्यात गेलेली तीन मिनिटे महागात पडू शकतात.

घरात कोणी इद्दतमध्ये असेल तर काही वडीलधारे "ती घर कसे सोडेल?" म्हणून अडतात. घर पडण्याचा किंवा जिवाचा धोका असेल तर तिने सुरक्षित जागी जाण्याला शरीअतमध्ये मुभा आहे. हे आलिमांना आजच, शांतपणे विचारून घरात सांगून ठेवावे. त्या घाईत मसला काढत बसू नये.

दादीला कोण उचलेल, तान्ह्याला कोण घेईल, हे नावानिशी ठरवावे. "सगळे मिळून बघू" म्हटले की कोणीच बघत नाही. बकऱ्यांचे दावे सोडून द्यावे. बांधलेले जनावर जागीच बुडते, सुटलेले निदान उंचवट्याकडे पळते. वाहत्या पाण्यातून मोटारसायकल काढू नये. वास किंवा धूर कारखान्याकडून येत असेल तर वाऱ्याला आडवे चालत दूर जावे, नाकावर ओला कपडा धरावा.

भेटायची जागा एकच असावी, उंचावरची शाळा किंवा मस्जिदीचे अंगण. वर्गात आम्ही मुलांना वडिलांचा नंबर विचारतो, तेव्हा निम्मी मुले म्हणतात, "मोबाईलमध्ये आहे, सर." पहाड्यांसारखा तो पाठ करून घ्यायला हवा. त्याबरोबर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमनासाठी १०१. मस्जिदीच्या माईकवरून इशारा द्यायचा असेल तर तो उर्दूबरोबर मराठीतही द्यावा, शेजारची आळी तोच भोंगा ऐकते.

परत आल्यावर आपल्या बायका आधी चिखल धुवायला घेतात. त्याआधी प्रत्येक खोलीचे आणि सामानाचे फोटो काढावेत. तलाठी पंचनामा करून जाईपर्यंत भिंतीवरची पाण्याची खूण पुसू नये.