चोंदलेले नाक आणि बाळाची झोप

मोर्शीत थंडी पडली की संत्र्याच्या बागांमधला गारवा रात्री घराघरांत शिरतो. गेल्या हिवाळ्यात आमची धाकटी बहीण चार महिन्यांचे बाळ घेऊन माहेरी आली होती. दिवसभर बाळाला साधी सर्दी होती. इशाच्या नमाजनंतर मात्र नाक पार चोंदले. बाळ दूध ओढायला लागे, दोन घोट घेई आणि रडत सोडून देई.

घरात सल्ल्यांना काय तोटा! अम्मी म्हणाल्या, लोबान-ओव्याची धुरी द्या. शेजारच्या खाला नाकात मोहरीचे तेल सोडा म्हणाल्या. बहिणीने कपाटातून मोठ्या मुलाची खोकल्याची बाटली काढली आणि विचारले, "आपा, थोडंसं देऊ का? निदान झोपेल तरी." थकलेल्या आईचा तो प्रश्न होता. तरीही आम्ही ती बाटली तिच्या हातातून घेतली.

वरुडच्या पुढे मध्य प्रदेशची हद्द लागते. तिथल्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधाने अनेक मुलांचे मूत्रपिंड निकामी झाले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. उपचारासाठी नागपूरला आणलेली कित्येक लेकरे परत गेली नाहीत. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत. औषध निर्भेळ असले तरी या वयात त्याचा फायदा नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

मग करायचे काय? लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक बंद झाले की दूध आणि झोप दोन्ही अडतात. म्हणून आधी नाक मोकळे करायचे. मेडिकलमध्ये साधे सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, नाकाचे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि बाहेर आलेला शेंबूड मऊ कापडाने टिपावा. नाक मोकळे करणारे दुसरे औषधी थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. दूध थोडे थोडे, पण जास्त वेळा पाजावे. पाजून झाल्यावर बाळाला काही वेळ खांद्यावर उभे धरावे.

झोपवताना बाळ सपाट, घट्ट गादीवर पाठीवरच हवे. डोके उंच करायला उशी लावू नये. झोळीतही मान वाकून हनुवटी छातीला टेकते, म्हणून अशा रात्री झोळी नकोच. गोधडी तोंडावर येऊ देऊ नये.

धुरीने बाळाच्या श्वासनलिकेला त्रासच होतो. बंद खोलीत शेगडी ठेवली तर विषारी वायू साचतो. नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरू शकते. कापूर किंवा बाम नाकाला, छातीला लावू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. अम्मींना हे पटवताना आवाज चढवावा लागला नाही. धुरी आपण अंगणात करू, एवढे म्हटल्यावर त्या हसल्या.

सर्दी छातीत उतरली का, हे घरातही ओळखता येते. बाळ शांत असताना अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाचा इशारा. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावच्या आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. वेळेवर औषध मिळाल्याने तिथले बालमृत्यू घटले. दाईला जे जमले ते शिकलेल्या आईला का जमू नये?

श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळे पडले असतील, बाळ दूधच घेत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ते उठवूनही उठत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश ताप आला तरी तेच. १०८ ला फोन करावा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

त्या रात्री आम्ही दोघींनी आळीपाळीने श्वास मोजले. एकदा ३८, एकदा ४० भरले. दुसऱ्यांदा थेंब घातल्यावर बाळ पोटभर प्याले आणि दोनच्या सुमारास झोपले. अम्मी उशाशी बसून दुआ पुटपुटत होत्या. सकाळी डॉक्टरांना दाखवले. छाती साफ होती. घरी येऊन बहिणीने ती बाटली स्वतःच कपाटातून काढून टाकली.