चार खिडक्यांचा संगणक

संगणक जुळवून घ्यायला गेलं, की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘बजेट किती?’ आणि गेम खेळणाऱ्या मुलाचं पहिलं वाक्य असतं, ‘ग्राफिक्स कार्ड भारीतलं द्या.’ या दोघांच्या मध्ये आई-वडील खिसा चाचपत उभे असतात. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी. मी कवितेचा माणूस, या गावात कसा आलो, असं तुम्ही विचाराल. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे भाच्यानं माझ्या हाती दिले आणि म्हणाला, ‘मामू, खरेदीला तुम्हीच चला.’ जायचं तर आधी समजून घेणं आलं.

त्याचा खेळ ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलँडमधल्या सीसीपी या कंपनीनं तो २००३ साली आणला. अवकाशातलं खाणकाम, व्यापार आणि लढाया असा त्याचा पसारा. एक जहाज खनिज काढतं, दुसरं ते वाहून नेतं, तिसरं पहारा देतं. ही सगळी जहाजं एकट्यानं एकाच वेळी चालवायची, तर तितकी खाती लागतात आणि एकाच संगणकावर तोच गेम तितक्यांदा उघडावा लागतो. अशा प्रत्येक उघडलेल्या प्रतीला क्लायंट म्हणतात. आपण खिडकी म्हणू.

एकच गेम जोरात पळवणारा संगणक वेगळा आणि चार खिडक्या सांभाळणारा वेगळा. लग्नाच्या स्वयंपाकाला एकच मोठी शेगडी पुरत नाही; चार शेगड्या, चार पातेली आणि ओट्यावर जागाही लागते. म्हणून ‘सर्वांत वेगवान भाग कोणता?’ असं न विचारता ‘आधी काय संपेल?’ असं विचारायचं.

बहुधा आधी संपते ती रॅम. समजा, एका खिडकीला अडीच जीबी लागते. चार खिडक्यांचे झाले दहा. विंडोज, ब्राउझर आणि मित्रांशी बोलायचं सॉफ्टवेअर यांचे आणखी सहा-सात धरा. सोळा जीबी इथेच संपली. रॅम संपली की संगणक डिस्कवर माल ठेवू लागतो आणि सगळं अडखळतं. अशा वेळी कितीही महाग ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडत नाही. म्हणून बत्तीस जीबी घ्यावी, तीही सोळाच्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. मदरबोर्डवर चार खाचा असतील, तर पुढे वाढवायलाही जागा उरते. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव झपाट्यानं चढले. तेव्हा इथे अंदाजानं नव्हे, मोजून घ्यावं.

दुसरा हिशोब प्रोसेसरचा. अशा गेमचं मुख्य काम बरंचसं एकाच कोअरवर चालतं. म्हणून प्रत्येक कोअर वेगवान हवा आणि कोअरची संख्याही पुरेशी हवी. तीन-चार खिडक्यांना सहा कोअर चालतात, त्याहून जास्त असतील तर आठ बरे. जाहिरातीतले ‘बारा थ्रेड’ म्हणजे बारा कोअर नव्हेत, एवढं ध्यानात ठेवा.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते आणि प्रत्येक खिडकी आपल्या चित्रांचा साठा तिथे वेगळा मांडते. त्यामुळे कार्डाच्या नावापेक्षा त्यावर आठ जीबी आहे की बारा, हे आधी पाहा. इथे एक फुकटचा उपायही आहे. समोरची खिडकी सेकंदाला साठ चित्रं काढू दे, मागच्यांना पंधरा-वीस पुरतात. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये मागच्या खिडक्यांना असा लगाम घालता येतो. चित्रांचा दर्जाही त्यांच्यापुरता उतरवावा. याने कार्डाचा बराच भार हलका होतो.

डिस्क मात्र चौपट लागत नाही. गेम एकदाच बसवायचा असतो. फक्त ती एसएसडी हवी, म्हणजे चार खिडक्या उघडताना जीव जात नाही. राहिला वीजपुरवठा. एसएमपीएसवर पैसे वाचवू नयेत. तो बिघडला तर सोबत इतर भागांनाही नेऊ शकतो. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत करू नका. सहाशे व्हीएचा यूपीएस बहुधा साडेतीनशे वॅटच्या आसपासच भार घेतो.

शेवटी, पैसे मोजण्यापूर्वी खेळाचे नियम वाचा. ‘ईव्ह’मध्ये अनेक खाती चालवायला परवानगी आहे, पण एकच कळ दाबून ती सगळ्या खिडक्यांना पाठवण्यावर १ जानेवारी २०१५ पासून बंदी आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नंही अशी सॉफ्टवेअरं २०२०मध्ये बंद केली. ‘ईव्ह’मध्ये २०१६पासून फुकट खातंही मिळतं, पण ते दुसऱ्या खात्यासोबत एकाच वेळी चालवता येत नाही. म्हणजे चार खिडक्या म्हटल्या, की चार खात्यांची वर्गणी आली. संगणकाचा खर्च एकदाच होतो, ही वर्गणी महिन्यामागून महिने चालू राहते.

तेव्हा दुकानात जाण्याआधी मित्राच्या संगणकावर एक खिडकी उघडा. टास्क मॅनेजरमध्ये ती किती रॅम, किती प्रोसेसर आणि किती ग्राफिक्स मेमरी घेते, ते कागदावर उतरवा आणि हव्या तितक्या खिडक्यांनी गुणा. त्याच्या शेजारी वर्षाची वर्गणी लिहा. हा कागद पाहून मुलंच पुष्कळदा चाराच्या तीन खिडक्या करतात, आणि मग खरेदीत वाद उरत नाही.