डाळिंबाचे दाणे किती?

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांना प्राचीन ग्रीसचा परिचय करून दिला जातो आणि त्या ओघात ग्रीक पुराणकथाही वर्गात येतात. बारा ऑलिंपियन देवतांची, म्हणजे ऑलिंपस पर्वतावर राहणाऱ्या प्रमुख देवदेवतांची, नावे तक्त्यात भरणे आणि जोड्या लावणे हे उपक्रम सोपे असतात. परंतु त्यांतून पाठांतराखेरीज फारसे काही साधत नाही. ग्रीक पुराणकथेला एकच प्रमाण संहिता नाही, वेगवेगळ्या कवींनी तीच कथा वेगळ्या तपशिलांनी सांगितली आहे, आणि दहा-अकरा वर्षांचे मूल हा फरक शोधण्याइतके जाणते झालेले असते, हे ध्यानात घेऊनच उपक्रम आखावा लागतो.

पर्सेफोनीची कथा यासाठी फार उपयोगी पडते. धान्याची देवी डिमीटर हिच्या या कन्येला पाताळाचा अधिपती हेडीस पळवून नेतो, शोकाकुल आई पृथ्वीवर काहीच उगवू देत नाही, आणि अखेर मुलीची सुटका होते. मात्र तिने पाताळात डाळिंब खाल्लेले असल्यामुळे वर्षातील काही काळ तिला तेथे परतावेच लागते. डिमीटरला उद्देशून रचलेल्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात हेडीस पर्सेफोनीला एक दाणा गुपचूप देतो, तर पुढे ती स्वतः आईला सांगते की तो आपल्याला बळजबरीने खायला लावला. तेथे तिच्या वाट्याला वर्षाचा एक तृतीयांश काळ पाताळवास येतो. सुमारे सहाशे वर्षांनंतरचा रोमन कवी ओव्हिड याच्या ‘मेटामॉर्फसिस’ या काव्यात मात्र ती बागेत हिंडताना स्वतःच फळ तोडून सात दाणे खाते आणि वर्षाची निम्मी-निम्मी वाटणी होते. पर्सेफोनीने फळ स्वेच्छेने खाल्ले का, या प्रश्नावर वर्गात अभिरूप न्यायालय, म्हणजे खटल्याचे नाट्यरूप, भरवून एका गटाला स्तोत्राचा आणि दुसऱ्याला ओव्हिडचा सोपा गोषवारा दिला, आणि प्रत्येक विधानाला वाचलेल्या मजकुरातूनच आधार दाखवण्याची अट घातली, तर दोन्ही गटांचे निकाल वेगळे का लागले हे मुलांच्याच लक्षात येते. कथेत अपहरण असल्याने शिक्षकाने आधी मुलांशी त्याविषयी शांतपणे बोलून घेणे आवश्यक आहे. तो भाग गाळून टाकला तर डिमीटरचा संतापच अनाकलनीय होतो.

मिडासची कथाही याच रीतीने हाताळता येते. स्पर्शाने सोने होण्याचा वर मागणाऱ्या या राजाच्या हातून लाडक्या लेकीचेच सोने झाले, हा सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग ओव्हिडच्या काव्यात नाही. अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुलांसाठी कथा लिहिताना तो घातला. त्याने ही भर का घातली असावी, हा प्रश्न मुलांना लेखकाच्या जागी नेऊन बसवतो.

हस्तकलेतही विचाराला वाव हवा. अथेन्सच्या कुंभारांच्या कृष्णाकृती शैलीत तांबूस मातीच्या भांड्यावर आकृत्या काळ्या दिसत आणि त्यांतील बारीक रेषा टोकदार हत्याराने कोरलेल्या असत. वर्गात जाड कागदावर नारिंगी मेणखडू घासून, त्यावर द्रव साबणाचा थेंब मिसळलेला काळा पोस्टर रंग द्यावा आणि तो वाळल्यावर काडीने कोरावे, म्हणजे तसाच परिणाम साधतो. त्याआधी एक्सेकियास या कलावंताचा, आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात असलेला, इ.स.पू. सहाव्या शतकातील रांजण मुलांना चित्रात अवश्य दाखवावा. त्यावर अकिलीस आणि एजॅक्स हे वीर लढत नसून, हातात भाले धरून पटावर वाकून खेळत बसले आहेत, आणि त्यांनी उच्चारलेले ‘चार’ आणि ‘तीन’ हे आकडे त्यांच्या तोंडाजवळ लिहिले आहेत. कथेतील एकच क्षण निवडून तोच का निवडला हे सांगायला लावले, की हस्तकला हाच कथेचा अभ्यास होतो.

मराठी मुलांसाठी आकाशनिरीक्षण हा आणखी एक मार्ग खुला आहे. ग्रीक कथेतील राजा सिफियस, राणी कॅसिओपिया, त्यांची कन्या अँड्रोमेडा आणि तिला सोडवणारा पर्सियस ही तारकामंडळे मराठीत अनुक्रमे वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती या नावांनी ओळखली जातात; त्याच ताऱ्यांना दोन संस्कृतींतील दोन कुटुंबकथांची नावे मिळाली आहेत. डिसेंबरच्या आरंभी रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून पाहिले असता शर्मिष्ठेचे पाच ठळक तारे महाराष्ट्रातून सहज ओळखता येतात. पालकांनी आणि शिक्षकांनी ते मुलांना दाखवावेत आणि दोन्ही कथा सांगाव्यात.