कर्नल घडवूया घरच्या घरी!

बालमित्रांनो, दुकानातून आणलेला लाडू खाताना तो छान लागतो. पण त्यात तूप किती, साखर किती, रवा किती भाजला, हे काही लाडूकडे बघून कळत नाही. आजीची लाडवाची कृती हाती असली, तर मात्र तुम्ही स्वतः लाडू करू शकता. वेलदोडा आवडत नसेल तर वगळू शकता, बेदाणे हवे असतील तर घालू शकता.

संगणकाच्या प्रोग्रॅमचंही अगदी तस्संच असतं. बहुतेक प्रोग्रॅम आपल्याला तयार लाडवासारखे मिळतात. पण काहींची कृतीसुद्धा सगळ्यांसाठी खुली असते. या कृतीला म्हणतात ‘सोर्स कोड’. अशाच एका अवाढव्य कृतीची आज ओळख करून घेऊ. तिचं नाव लिनक्स कर्नल. (सैन्यातले कर्नल नव्हेत, बरं का! हा कर्नल म्हणजे दाण्याच्या आतला गर, गाभा.)

एका विद्यार्थ्याचा उद्योग

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. आपल्या ३८६ जातीच्या संगणकासाठी त्याने स्वतःच कर्नल लिहायला घेतला. कळफळकावरची कळ दाबली की अक्षर उमटवणं, डिस्कवर फाइल ठेवणं, एका वेळी अनेक प्रोग्रॅमना आळीपाळीने काम करू देणं, ही सारी व्यवस्था कर्नल पाहतो. लिनसला आपल्या कर्नलचं नाव ‘फ्रीक्स’ ठेवायचं होतं. पण ज्या मित्राने तो इतरांना मिळावा म्हणून संगणकाच्या जाळ्यावर ठेवला, त्याने फोल्डरला नाव दिलं ‘लिनक्स’. तेच टिकलं!

त्या पहिल्या कर्नलमध्ये सुमारे १० हजार ओळी होत्या. लिनसने कृती लपवली नाही, सगळ्यांना देऊन टाकली. १९९२ साली त्याने तिला एक छान नियमही लावला : कृती कुणीही वापरा, बदला; पण बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर त्याची कृतीही द्यायची. मग जगभरातून हजारो हात कामाला लागले. आज त्यात साडेतीन कोटींहून जास्त ओळी आहेत. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच असतो. पुण्याच्या ‘सी-डॅक’मधला ‘परम सिद्धी’ हा महासंगणक लिनक्सवर चालतो. आणि २०२१ साली मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होता!

दुभाषा हवा

माणसं ही कृती ‘सी’ नावाच्या भाषेत लिहितात. संगणकाला मात्र फक्त ० आणि १ कळतात. मग मधे एक दुभाषा लागतो. तोच ‘कंपायलर’. कृतीचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याला म्हणायचं ‘कंपाइल करणं’. लिनक्ससाठी ‘जीसीसी’ हा कंपायलर वापरतात. १९८७ साली तो पहिल्यांदा बाहेर आला. तोही खुलाच!

पण हजारो फायलींना एकामागून एक हाक कोण मारणार? त्यासाठी ‘मेक’ नावाचा मुकादम आहे. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, कोणती कशावर अवलंबून, हे सारं त्याच्याकडे लिहिलेलं असतं.

चला, कामाला लागू

लिनक्स असलेल्या संगणकावर कर्नलचा सोर्स कोड उतरवून घ्यायचा. तो दाबून लहान केलेला असतो, सुमारे १५० एमबीचा. उघडला की दीड जीबीच्या आसपास जातो.

आता निवड करायची. ‘मेक मेनूकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप केली, की समोर मोठी यादी उघडते. हा प्रिंटर हवा का? ते नेटवर्क कार्ड हवं का? हजारो प्रश्न! घाबरू नका, बहुतेकांची उत्तरं आधीच भरलेली असतात. यादीत ‘लोकल व्हर्जन’ अशी एक जागा सापडेल. तिथे एक आडवी रेघ देऊन तुमचं नाव लिहा. कशासाठी, ते शेवटी सांगते!

मग नुसतं ‘मेक’ असं टाइप करायचं. पडद्यावर ओळी भराभर सरकू लागतात. सुरुवातीला ‘सीसी’ दिसलं, तर एक फाइल कंपाइल होते आहे. ‘एआर’ दिसलं, तर तयार तुकड्यांची मोट बांधली जाते आहे. ‘एलडी’ म्हणजे तुकडे एकमेकांना जोडणं. जुन्या संगणकांना या कामाला तासन्‌तास लागत. आजचा चांगला संगणक साधा कर्नल काही मिनिटांत उरकतो.

शेवटी हाती येणारा कर्नल असतो जेमतेम १०-१५ एमबीचा! दीड जीबी गेले कुठे? त्याचं असं आहे, की लिनक्सच्या निम्म्याहून अधिक ओळी निरनिराळ्या उपकरणांसाठी असतात. आपल्याकडे नसलेल्या उपकरणांचा भाग मुकादम बाजूलाच ठेवतो.

अडलं तर?

पहिल्या खेपेला बहुधा अडतंच! ‘फ्लेक्स सापडलं नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि सगळं थांबतं. पण नीट वाचलंत तर हे रागावणं नसतं, निरोप असतो. फ्लेक्स नावाचं एक हत्यार संगणकावर नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. ते आणून बसवा आणि पुन्हा ‘मेक’ म्हणा. चुकांची लांबलचक रांग दिसली, तर सर्वांत वरची चूक आधी वाचा. पुष्कळदा बाकीच्या तिच्यातूनच निघालेल्या असतात.

याचा एक प्रयोग करून बघा. ‘इनिट’ फोल्डरमधली ‘मेन’ नावाची फाइल उघडा. लिनक्स जागा होतो तो याच फायलीतून! त्यातल्या एखाद्या ओळीच्या शेवटचा अर्धविराम खोडा आणि पुन्हा ‘मेक’ करा. कोट्यवधी ओळींमधून कंपायलर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक सांगून त्या जागी बोट ठेवतो. आता अर्धविराम परत द्या. या वेळी काम चटकन संपेल. मुकादम प्रत्येक फाइलची वेळ बघतो आणि बदललेली तेवढीच पुन्हा करायला घेतो. एका गणितातलं एक पद चुकलं म्हणून आपण तरी सगळी वही पुन्हा लिहितो का?

पालकांसाठी

नुसतं कंपाइल केल्याने चालू संगणकाला धक्का लागत नाही. डिस्कवर बरीच जागा मात्र मोकळी ठेवा. नवा कर्नल बसवायला मुख्य पासवर्ड लागतो. ते काम मोठ्यांच्या सोबतीनेच, महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवून करावं. जुना कर्नल काढून टाकू नये. नवा रुसला, तर संगणक सुरू करताना जुना निवडता येतो.

आणि ते नाव?

काम पुरं झालं, की ‘मेक कर्नलरिलीज’ अशी आज्ञा द्या. कर्नलच्या क्रमांकापुढे तुमचं नाव झळकेल! एवढंच नाही, तर हा कर्नल कुणी, कोणत्या संगणकावर, केव्हा आणि कितव्यांदा कंपाइल केला, हेही तो आपल्या पोटात लिहून ठेवतो.

कितव्यांदा, या आकड्याची मुळीच लाज वाटू देऊ नका. तुमच्या कर्नलवर सात आकडा असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही सात वेळा कर्नल घडवलात आणि मधेच सोडून उठला नाहीत. ज्याची कृती खुली असते, ते कितीही मोठं असलं, तरी एकेक फाइल करत आपल्या हातांनी घडवता येतं. मग सांगा बघू, तुमच्या कर्नलचं नाव काय ठेवणार?