माडाच्या खोडाला कान लावा : सोंड्या भुंग्याची अळी आवाजावरून ओळखा

शेंडा कलला की माडाला सोंड्या भुंगा लागल्याचे कोणालाही कळते, पण तोवर माड बहुधा हातचा गेलेला असतो. मादी खोडावरच्या किंवा शेंड्यातल्या जखमांत अंडी घालते. अळी खोडाच्या आतच खाऊन वाढते, म्हणून बाहेरून फारसे दिसत नाही. तिच्या कुरतडण्याचा आवाज मात्र येतो.

वारा पडलेला असताना, पहाटे किंवा रात्री ऐका. झावळ्या सळसळत असतील तर वेळ फुकट जाते. खोडाला कान किंवा डॉक्टरांचा साधा स्टेथोस्कोप लावा. बुंध्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत दोन-तीन ठिकाणी, आणि छिद्र, तपकिरी चिकट स्राव किंवा चावलेला भुसा दिसेल तिथे आवर्जून ऐका. अळी सतत खात नाही, त्यामुळे एका जागी तीन-चार मिनिटे थांबा. सुके सोडण तोडल्यासारखी थांबून थांबून येणारी करकर ही तिची खूण. आधी शेजारचा निरोगी माड ऐकून घ्या, म्हणजे फरक कळतो. संशयित माडावर रंगाची खूण करून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका. ५ ते २० वर्षांच्या माडांकडे जास्त लक्ष द्या.

आखाती देशांत खजुरावर हीच कीड आहे. तिथे खोडात बसवलेल्या सेन्सरने असे आवाज टिपतात. अळीचा बराचसा आवाज माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच असतो. अल्ट्रासाउंड तंतुमय खोडात लवकर विरतो, म्हणून तसा सेन्सर अळीच्या जवळच हवा. पन्नास-शंभर माडांच्या बागेला स्टेथोस्कोप पुरे. यंत्राच्या जाहिरातीला भुलू नका.

आवाज आला नाही म्हणून माड निर्धोक समजू नये. अंडी आवाज करत नाहीत, कोषही जवळपास गप्पच असतो. कामगंध सापळ्यात भुंगे येतात, पण कोणता माड पोखरला आहे ते सापळा सांगत नाही.

करकर ऐकू आली तर औषध आणि मात्रा कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राकडून विचारून घ्या. शेंडा मोडलेला माड तोडून, खोड चिरून आतल्या अळ्या-कोषांसह जाळा. नुसता पाडून ठेवला तर त्यातूनच नवे भुंगे बाहेर पडतात. खोडाला खाचा पाडू नका. हिरवी झावळ कापावीच लागली तर खोडाकडचा १२० सेंमी देठ ठेवून कापा.