पिंजऱ्यांतील पोपटाची झोंप व दुखणें

नांदेड-लातूरकडील एकत्र कुटुंबांत दिवा व गप्पा रात्रीं उशिरापर्यंत चालतात, आणि पिंजरा बहुधा त्याच ओसरीवर टांगलेला असतो. पक्ष्यास मात्र १० ते १२ तास अंधार व शांतता हवी. म्हणून दिवेलागणीनंतर पिंजरा आंतल्या खोलींत न्यावा. हिरवा देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे. आम्हीं लिहितों तें बजेरीगर वगैरे परदेशी जातींविषयीं.

निरोगी पक्षी एक पाय पोटाशीं घेऊन, मान मागें वळवून झोंपतो. परंतु भर दिवसां पिसें फुगवून, डोळे अर्धवट मिटून दोन्ही पायांवर बसणारा, दांडी सोडून तळाशीं उतरलेला, किंवा श्वासागणिक शेपूट हलविणारा पक्षी ‘निजला आहे’ असें समजूं नये. रानांत दुबळा पक्षी आधीं शिकार होतो. म्हणून तो दुखणें लपवितो, आणि तें दिसूं लागेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. अशा पक्ष्यास ऊब द्यावी. वैशाखांत चोंच उघडून पंख अंगापासून दूर धरील, तर मात्र सावली व पाणी द्यावें. कसेंहि असो, पशुवैद्यांस त्याच दिवशीं दाखवावें. लातूर जिल्ह्यांत उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयहि आहे.